बाकड्यापाशी भेटू

चार माणसं एकत्र आली की किस्से होतात, असं म्हणतात. आमचं उलटं आहे. आम्हाला एकत्र यायलाच इतका वेळ लागला की किस्से आधी साठले आणि माणसं नंतर आली. आता कुणी विचारलं, "मंगल, तुमच्या त्या ग्रुपचं काय चाललंय?" की मी एकच सांगायचं ठरवते. पण पोत्याची शिवण एका टोकाला उसवली की ज्वारी काही मूठभर सांडून थांबत नाही.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी येडशीला राहते आणि धाराशिवच्या एका छापखान्यात प्रुफं तपासते, बहुतेक लग्नपत्रिकांची. मला ऑटिझम आहे हे मला पस्तिशी उलटल्यावर कळलं, तेही भाच्यामुळे. सोलापूरच्या डॉक्टरीणबाई त्याच्याबद्दल एकेक विचारत होत्या. आवाजाचा त्रास होतो का? गर्दीत गप्प होतो का? ठरलेलं बदललं की चिडतो का? आणि माझी बहीण प्रत्येक प्रश्नाला भाच्याकडे न बघता माझ्याकडे बघत होती!

मराठीत याला स्वमग्नता म्हणतात. मला काही तो शब्द पटत नाही. मी दिवसभर दुसऱ्यांच्या लग्नांत मग्न असते.

तर, आपल्यासारखी मोठी माणसं जिल्ह्यात आणखी असतीलच, ती एकत्र यावीत आणि आपलं आपण बोलावं, असं मनात आलं. ओळखीतून ओळख काढत तीन जण सापडले. माकणीचा नागेश, वडिलांबरोबर शेती करतो. उमरग्याचा शिवकुमार, घरचं कापडाचं दुकान, घरात कन्नड आणि गिऱ्हाइकाशी मराठी. आणि धाराशिवची समीना, बारावीचं वर्ष. समीना तोंडानं बोलत नाही. मोबाइलवर टाइप करते आणि मोबाइलमधली बाई ते वाचून दाखवते.

*

पहिली मीटिंग मीच ठरवली. येडशीचं रेल्वे स्टेशन, सकाळी अकरा, बाकड्यापाशी भेटू. गाड्या मोजक्या, गर्दी नाही, झाडांची सावली. फोटो कुणीच कुणाला पाठवले नव्हते, कारण फोटो कुणालाच आवडत नव्हते.

मी वेळेआधी पोचले. बाकड्याजवळ एक मुलगा इस्त्रीचा शर्ट घालून गाड्यांचं वेळापत्रक वाचत होता. संपलं की पुन्हा पहिल्यापासून. एक जण खांबाकडे तोंड करून उभा होता. एक मुलगी कानावर ते मोठे हेडफोन लावून उभी होती, तिची आई लांब पायरीवर बसली होती. अनोळखी माणसांशी आपण होऊन बोलायचं माझ्या जिवावर येतं. मी बाकड्याच्या टोकाशी उभी राहिले आणि माझ्या माणसांची वाट बघत राहिले. तासभर गेला. एक गाडी आली, गेली. मग आम्ही चौघंही आपापल्या वाटेनं घरी गेलो.

संध्याकाळी शिवकुमारनं ग्रुपवर लिहिलं, "मी वेळेवर आलो होतो. आपल्यापैकी कुणी दिसलं नाही. तिघं जण नुसते उभे होते, ते बोलत नव्हते, म्हणून विचारलं नाही."

मी लिहिलं, "मीपण आले होते. तिघं होते."

 मग समीनाचं आलं, "म्हणजे मीटिंग झाली."

त्यावर नागेशनं, जो ग्रुपवर कधीच काही लिहीत नाही, लिहिलं, "लई बेस झाली. आशीच घ्या पुन्ना."

*

पुढच्या मीटिंगा छापखान्यात. आमचे मालक बापू. रविवारी मागची खोली देतात, वर चहाही पाठवतात. पण त्यांची जीभ तिखट.

मागच्या खोलीत एक पंखा आहे. तो फिरताना मध्येच टक् करतो. समीनाला तो टक् सहन होत नाही, डोक्यात खिळा ठोकल्यासारखा वाटतो म्हणाली. नागेशला नेमका तोच टक् लागतो, तो नसला तर त्याला बोललेलं काही ऐकूच येत नाही. पंखा चालू, बंद, चालू, बंद. पूर्ण सकाळ पंख्यावर गेली. शेवटी शिवकुमारनं शोधून काढलं की पुढच्या खोलीतला पंखाही टक् करतो. नागेशला तिथं बसवलं, मधलं दार अर्धं उघडं ठेवलं. तो आमच्याकडे पाठ करून बसला. तसाही तो पाठ करूनच नीट ऐकतो.

बापू चहा घेऊन आले. त्यांनी एकदा इकडं पाहिलं, एकदा तिकडं. म्हणाले, "एका पंख्यावर तुमचं जमंना, आन् हक्क मागायला निघालाव. नुसता बारभाईचा कारभार!"

"चौघंच हाव," पलीकडून नागेश म्हणाला.

नागेशचं एक सांगायला हवं. तो अनोळखी माणसाशी बोलत नाही. एसटीत कंडक्टरला 'थांबवा' म्हणावं लागू नये म्हणून तो पुढच्या मोठ्या थांब्यावर उतरतो, जिथं सगळेच उतरतात, आणि तिथून मागं चालत येतो. भर उन्हाळ्यातही. मी एकदा विचारलं, "त्रास होत नाही का रे?" म्हणाला, "चालायचा न्हाय होत, ताई."

*

आता ज्याच्यासाठी हे सगळं सांगतेय ते. समीनाच्या हातात पेन दिला की बोटं अडतात. तीच बोटं मोबाइलवर पळतात. बारावीचा पेपर तिला टाइप करून द्यायचा होता, वेगळ्या खोलीत. त्याला प्रमाणपत्र लागतं, प्रमाणपत्राला तपासणी लागते, आणि तपासणीचं शिबिर भरतं एका मंगल कार्यालयात. वर पत्रा, आत ही गर्दी, आणि नंबर पुकारायला गेटवर भोंगा.

तिची अम्मी एकदा छापखान्यात आली आणि माझ्यासमोर स्टुलावर बसून राहिली. "दो बार जाके आए, मंगलताई," ती म्हणाली. "भोंगा चालू हुआ की ये वहींच रस्ते पे बैठ जाती. कान पकड के. लोगां देखते, बोलते, लाडाची पोरगी है. मैं किस किस को समझाऊं?"

दोनदा त्या गेटवरून परत आल्या होत्या. परीक्षेच्या आधी आता एकच शिबिर उरलं होतं.

बापू आतून ऐकत होते. बाहेर आले, म्हणाले, "त्यात काय एवढं? म्या येतो. त्या साहेबाला सांगतो, लेकरू आजारी हाय, भोंगा बंद करा म्हणून. दोन मिनिटाचं काम."

मला तर हायसं वाटलं. पण रविवारी समीनानं टाइप केलं आणि मोबाइलमधली बाई बँकेतल्यासारख्या सुरात म्हणाली, "मी आजारी नाही. बापू बोलले तर बापूंचं ऐकलं. माझं ऐकलं नाही."

मला तिचा राग आला. खरंच आला. अगं, एकदा काम तर होऊ दे, मग हवं तेवढं बोल! मी तसं म्हणालेही. तिनं मोबाइल पालथा ठेवला. शिवकुमारनं मात्र लगेच तिची बाजू घेतली आणि त्या दिवशी आमचा एकमेव नियम ठरला, तोही एकमतानं. दुसऱ्याच्या वतीनं कुणी बोलायचं नाही. ज्यानं त्यानं आपल्यापुरतं आणि खरं बोलायचं.

*

तिचं का बरोबर होतं ते मला पुढच्याच महिन्यात कळलं.

शहरात ऑटिझमवर एक जनजागृतीचा कार्यक्रम होता. आमंत्रण पत्रिका आमच्याच छापखान्यात छापली, म्हणून आम्हाला कळलं. आम्ही चौघं शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसलो. स्टेजवर आईवडील होते, शिक्षक होते, तज्ज्ञ होते. चांगली माणसं, तळमळीनं बोलत होती. एक बाई म्हणाल्या, "ही मुलं स्वतःसाठी बोलू शकत नाहीत. म्हणून आपण त्यांचा आवाज व्हायचं."

समीनानं आवाज पूर्ण वाढवला. मोबाइलमधली बाई अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशी म्हणाली, "माईक द्या."

सगळ्यांच्या माना मागं वळल्या. मग कुणीतरी टाळी वाजवली आणि मग काय विचारता! सगळे उभे राहिले. टाळ्यांवर टाळ्या. काही जणींच्या डोळ्यांत पाणी. एक स्वयंसेवक माईक घेऊन धावत आमच्या रांगेपर्यंत आला, तोवर समीना दोन्ही कान दाबून दाराबाहेर पळाली होती. टाळ्या तरी चालूच.

आम्ही तिला बाहेर जिन्याखाली गाठलं. बऱ्याच वेळानं तिचे हात खाली आले. मी विचारलं, "काय बोलणार होतीस गं?"

तिनं टाइप केलं. "टाळ्या वाजवू नका."

*

संघटना म्हटल्यावर अध्यक्ष लागतो, असं शिवकुमारचं मत. तो स्वतःच उभा राहिला. बिनविरोध होणार होता, पण त्याचं म्हणणं, निवडणूक म्हणजे उमेदवाराचं भाषण झालंच पाहिजे. आणि खरं बोलायचा नियम तर होताच.

"मी अध्यक्ष झालो तर अडचणी येतील," त्यानं सुरुवात केली. "मी सुरू झालो की थांबत नाही. समोरचा कंटाळला हे मला कळत नाही. फोन वाजला की मी दुसऱ्या खोलीत जातो. माझ्या आईचं म्हणणं आहे की मी हट्टी आहे आणि तिचं बरोबर आहे."

असं बराच वेळ. इतकं मुद्देसूद भाषण मी ऐकलेलं नाही. मतदान झालं. त्याला एकही मत पडलं नाही. त्याचं स्वतःचंसुद्धा नाही! तो म्हणाला, "मला पटलं ना."

आम्ही हसलो, तोही हसला. पण घरी जाताना एसटीत मला हसू येईना. छापखान्यात सगळ्या संघटनांची पोस्टरं येतात. 'आपण सारे एक' असं मोठ्या अक्षरात असतं. मी ती तपासते आणि पुढं ढकलते. आम्हाला ते छापता येणार नाही, कारण ते खरं नाही. एकाला जो टक् लागतो तो दुसरीला छळतो. एकाला बोलणं थांबवता येत नाही, दुसरी बोलतच नाही. दुःखसुद्धा सारखं नाही. मग ही माणसं एकत्र येणार कशाच्या जोरावर? बापू चिडवायचे तेव्हा मी तोंडावर उत्तर द्यायचे, पण मला मनातून भीती वाटायची की त्यांचंच खरं असेल. आणि त्यांचं खरं असेल तर समीना तिसऱ्यांदाही गेटवरून परत येणार होती.

*

शिबिरात साहेबांसमोर कुणीतरी तोंड तर उघडायला हवं. आपल्यापुरतं बोलायचं असलं तरी सुरुवात शिवकुमारनं करावी, असं ठरलं. सरावाला आम्ही येडशीजवळ रामलिंगच्या महादेवाला गेलो. सोमवार सोडून, म्हणजे गर्दी नको.

दर्शन घेतलं आणि जरा बाजूला झाडीत आलो. तिथं माकडं फार. शिवकुमार एका दगडावर उभा राहिला. समोर पाच-सात माकडं येऊन बसली, त्याच्या खांद्यावर पिशवी होती म्हणून. तो त्यांच्याकडे बघून बोलायला लागला. "माननीय साहेब, आवाज हा प्रत्येकाला वेगळा ऐकू येतो." काय सुरेख बोलला! कुठं अडला नाही, कुठं घसरला नाही. नागेश पाठ करून उभा होता, त्यानंही मान डोलावली. भाषण संपेपर्यंत माकडांनी पिशवीतली केळी संपवली होती.

"जमलं की रे," मी म्हणाले.

शिवकुमार रिकामी पिशवी झटकत म्हणाला, "साहेब असे बसले तर जमेल, ताई."

*

साहेब तसे बसले नाहीत.

शिबिराच्या दिवशी आम्ही तिघं आपापल्या एसटीनं पोचलो. समीना आणि अम्मी रस्त्यापलीकडे, लांब लिंबाखाली. समीनाच्या कानावर हेडफोन, त्यावर तिचे हात, त्यावर अम्मीची ओढणी. गेटवरचा भोंगा नंबर पुकारत होता.

आम्ही आत गेलो. साहेबांनी मान वर केली आणि शिवकुमारच्या थेट डोळ्यांत पाहिलं. शिवकुमार म्हणाला, "माननीय साहेब," आणि तिथंच थांबला. तो टेबलाच्या काचेखालचं कॅलेंडर वाचायला लागला.

"बोला," साहेब म्हणाले. "संघटना आहे का तुमची? अध्यक्ष कोण?"

"निवडून आला नाही," मी म्हणाले.

"मग प्रतिनिधी कोण?"

"तो ठेवायचा नाही असं ठरलंय."

साहेबांनी पेन खाली ठेवला. माणूस वाईट नव्हता, कामात बुडालेला होता. "बरं, म्हणणं काय आहे?"

"भोंगा बंद करायचाय."

"तुम्हाला त्रास होतो?"

"होतो. पण मी सोसू शकते," मी म्हणाले. नियम म्हणजे नियम.

"आणि तुम्हाला?" त्यांनी शिवकुमारला विचारलं.

शिवकुमारला शब्द सापडले ते हे. "मला भोंगा आवडतो, साहेब."

मला वाटलं, आता धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. दोन्ही कान दाबून बसलेली ती पोरगी खिडकीतून दिसत होती आणि आम्ही तिचं वर्ष बुडवत होतो, अगदी प्रामाणिकपणे.

"आणि हे तिकडं तोंड करून उभे आहेत ते?"

"मला कायबी होत न्हाय," नागेश भिंतीला म्हणाला.

"मग तुम्ही तिघं आलात कशाला?"

"तिला हुतंय की," नागेश म्हणाला.

 भोंग्यानं कुणाचा तरी नंबर पुकारला, पुन्हा पुकारला. साहेबांनी विचारलं, "कुठं आहे ती?" मी खिडकीतून लिंबाकडे बोट केलं. ते उठून खिडकीपाशी गेले आणि बघत उभे राहिले.

"भोंगा बंद करतो," ते म्हणाले. "पण एवढी माणसं बाहेर बसलीत. त्यांना बोलवायचं कसं?"

याचा विचार आम्ही केलाच नव्हता. रामलिंगच्या भाषणातही ते नव्हतं.  आणि मग नागेश भिंतीकडून वळला. अनोळखी माणसासमोर तोंड करून उभा राहिलेला नागेश मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

"म्या जातो," तो म्हणाला.

मी पुठ्ठ्यावर मोठ्या आकड्यात नंबर लिहून द्यायचे. नागेश तो घेऊन गर्दीत जायचा, हातातल्या चिठ्ठ्या बघत त्या माणसाचा शोध घ्यायचा, त्याच्यासमोर पाठ करून उभा राहायचा आणि पुठ्ठा खांद्यावरून मागं दाखवायचा. शब्द एक नाही. लोक आधी बावचळले, मग सरावले. एक म्हातारी म्हणाली, "ह्यो काय बाई, तोंडच दावंना," आणि काठी टेकत त्याच्या मागोमाग निघाली. भोंग्याच्या गोंगाटात जी ढकलाढकली चालायची तीही थांबली.

दुपारी समीनाचा नंबर आला. नागेश रस्ता ओलांडून लिंबाखाली गेला आणि तिच्याकडे पाठ करून उभा राहिला. तिनं ओढणी काढली. हेडफोन तसाच ठेवला. उठली आणि त्याच्या मागं चालत आली, गेटमधून, गर्दीतून, थेट दारापर्यंत. अम्मी तिच्यामागं, तोंडावर हात धरून.

त्या दोघी आत गेल्या. आम्ही बाहेर थांबलो. शिवकुमार भिंतीवरचा सूचनांचा बोर्ड वाचत होता, संपला की पुन्हा पहिल्यापासून. नागेशनं एक खांब शोधून त्याच्याकडे तोंड केलं. मी ओट्याच्या टोकाशी उभी राहिले.

आत काय झालं ते अम्मीनं नंतर सांगितलं. डॉक्टरांनी समीनाला पहिलंच विचारलं, "सोबत कोण आलंय, बेटा?" अम्मी बोलायला गेली, तर समीनानं हात वर करून तिला थांबवलं. "मेरे कू चुप कर दी, मंगलताई," अम्मी हसत होती आणि डोळेही पुसत होती.

समीनानं टाइप केलं. मोबाइलमधली बाई म्हणाली,

"बाहेर तिघं उभे आहेत. एकमेकांशी बोलत नाहीत. ते माझे आहेत."